शालूचं मधलं बोलणं

अंजनगाव सुर्जीच्या माळीपुऱ्यात सगळ्यांच्या हातांना माती लागलेली; एकट्या ओमप्रकाश मेहऱ्याच्या हाताला कॅमेरा लागला. भाऊ कोबी आणि मिरची पिकवायचे, चुलते झेंडू विकायचे, आणि हा गडी लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या मावशीला ‘जरा इकडे पाहा’ म्हणत फिरायचा. घरच्यांनी आधी नावं ठेवली. मग चुलत बहिणीच्या लग्नाची त्यानं फुकट शूटिंग करून दिली, त्यात चुलत्यांचे केस काळेभोर दिसले, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

धंदा शिकवला अकोटच्या पुंजारामभाऊंनी. त्यांचे दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाइकाला मूळ शूटिंग कधी दाखवायचं नाही. ‘‘पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी कोनी पाव्हण्याले दाखवते का?’’ असं ते विचारायचे. दुसरा, व्हिडिओ एकदा गिऱ्हाइकाच्या हाती पडला की मूळ माल उडवायचा, कार्ड कोरं करायचं, पुढच्या लग्नाला लागायचं. ओमप्रकाशनं हे दोन नियम पंधरा वर्षं देवाच्या नेमासारखे पाळले.

त्याची खरी हुशारी होती ती लॅपटॉपवर. बारा तासांच्या लग्नातून चाळीस मिनिटं काढायची, तीही चहा थंड व्हायच्या आत. आवाज तो ऐकत नसे, नुसता बघत असे. पडद्यावर आवाजाची हिरवी रांग दिसते, कुठं उंच, कुठं बसकी. तिच्याकडे पाहूनच हा सांगायचा, इथं मंगलाष्टक संपलं, इथं जनरेटर बंद पडला. आणि लग्नाच्या व्हिडिओत माणसांचा आवाज हवा असतो कोणाला? मांडवातला गलका सगळा काढून टाकायचा आणि वरून सिनेमाचं गाणं चढवायचं, हीच आपल्याकडची रीत. नवरीची आई काय बोलून रडली ते कोणी विचारत नाही, कोणतं गाणं लावलं ते विचारतात.

त्याची बायको शालू. माहेर हिवरखेडचं, शाळा सातवीपर्यंत, आणि आवाज असा की आठवडी बाजारात ती ‘मेथी घ्या वो मेथी’ म्हणाली की शेजारचा भाजीवाला आपलं दुकान गुंडाळायच्या गोष्टी करायचा. बोलायचीही भरपूर. ओमप्रकाश घरात मुका आणि ती दोघांचं बोलायची. भाव करणाऱ्या बाईला ती एका दमात भाव, तिच्या सुनेची चौकशी आणि मेथीची भाजी कशी करायची ते सांगून मोकळी व्हायची. त्यांना मुलगी एकच, करिश्मा, तेव्हा दहावीला होती.

दिवाळीनंतर शालूचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, अंजनगावच्या डॉक्टरांची औषधं झाली. जानेवारीत अकोल्याच्या दवाखान्यात गळ्यातला तुकडा काढून तपासला, आणि डॉक्टरांनी दोघांना खुर्चीवर बसायला सांगितलं. स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. जीव वाचायची आशा चांगली होती, आवाज मात्र कायमचा जाणार होता. जन्मात कधी तंबाखूला शिवली नव्हती ती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पुढचं पान उलटलं.

त्याच दवाखान्यात प्राजक्ता नावाची एक मुलगी होती, अमरावतीची, आवाज गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवायचं काम करायची. तिनं ओमप्रकाशला बाजूला घेऊन सांगितलं, की बाहेरगावी एक संस्था आहे. ऑपरेशनच्या आधी माणसाचा आवाज त्यांच्याकडे साठवून ठेवला, तर त्यातून त्याचाच आवाज पुन्हा घडवता येतो. मग बाईंनी मोबाइलवर लिहायचं आणि मोबाइलनं त्यांच्याच आवाजात बोलायचं. आवाज थोडा घोगरा झालाय, पण चालेल, तो त्यांचाच आहे.

ओमप्रकाशच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा पाणी आलं.

प्राजक्तानं दोन कागद दिले. एकावर वाचायची तीनशे वाक्यं, दुसऱ्यावर सूचना. आवाज मूळ रूपात हवा, न दाबलेला, वेव्ह नावाच्या फाइलमध्ये. सफाई करू नका. काही काढू नका, काही घालू नका. मधे खोकला आला, बोलणं चुकलं, गप्पा झाल्या तरी राहू द्या, सगळंच पाठवा.

‘‘संस्थेचं मोबाइलचं ॲप आहे, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘त्यातच रेकॉर्ड करा, म्हणजे थेट त्यांच्याकडे जाईल.’’

‘‘मोबाइलवर कायले, मॅडम?’’ ओमप्रकाश म्हणाला. ‘‘नागपूरवरून आणलेला माइक हाय माह्याजवळ. पंधरा वर्षं झाले, हेच तं करून राह्यलो.’’

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही. तीनशे वाक्यं मोबाइलमध्ये वाचायची, बटण दाबायचं, विषय संपला असता. पण बायकोसाठी काही करायची वेळ आली, ती नेमकी त्याच्या हातच्या कामाची निघाली, आणि ते त्यानं कोणा ॲपच्या हवाली करावं? ते काम त्याला देवानं नेमून दिल्यासारखं वाटलं होतं.

कांदे ठेवायच्या खोलीत त्यानं चारी भिंतींना गोधड्या टांगल्या. पंखा बंद केला. शालू बाजेवर बसली, पदराला माइक. तिच्या गळ्याला तपासणीची पट्टी होती, म्हणून ती म्हणाली, ‘‘तोंड नका घेऊ माह्यं.’’ त्यानं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टोपण लावून दिलं. चित्र काळं, आत फक्त आवाज. तो आवाज त्या कॅमेऱ्यात जसाच्या तसा, कणही न गळता उतरत होता.

तीन दुपारी हे चाललं. वाक्यं पुस्तकी होती. मला थंड पाणी हवे आहे. कृपया खिडकी उघडा. आज हवामान आल्हाददायक आहे.

‘‘आल्हाददायक म्हंजे काय वो?’’

‘‘मले काय मालूम? वाच तू.’’

‘‘असं कोन बोलते? उन्ह तापलं म्हना नं सरळ.’’ मग ती हसायची, हसता हसता खोकायची, आणि म्हणायची, ‘‘हे माह्या आवाजात बोलन तं बाजारात लोक म्हनतीन, शालू मेली अन् तिच्या अंगात मास्तरीण आली.’’ पुन्हा वाक्य. पुन्हा चूक. पुन्हा त्याच्या बापाच्या नावानं एक प्रेमळ शिवी. ओमप्रकाश घड्याळाकडे बघत राहायचा.

तिसऱ्या दिवशी दहाच वाक्यं उरली असताना गल्लीत भंगारवाला आला, कर्णा लावून. ‘लोखंड, पत्रा, जुने कूलर’ सुरू झालं. ओमप्रकाश त्याला हाकलायला बाहेर गेला. तिथं चुलता भेटला, ऑपरेशनचं विचारू लागला, दहा मिनिटं गेली. परत आला तर शालू पदरानं डोळे पुसत होती.

‘‘दुखते का?’’

तिनं मान हलवली, नाही. मग कॅमेऱ्याकडे बोट करून विचारलं, ‘‘चालूच होतं नं थे?’’

‘‘हो, चालूच होतं. बॅटरी हाय अजून.’’

‘‘मंग ठीक हाय,’’ ती म्हणाली आणि उरलेली दहा वाक्यं तिनं न अडखळता वाचली.

आता ऑपरेशनला पाच दिवस होते, आणि मधे हिवरखेडला शालूच्या मामेभावाचं लग्न. शालूच म्हणाली, तुमी नाई गेले तं लोक म्हनतीन माह्यामुळं राह्यलं. ओमप्रकाशनं त्या संध्याकाळी लॅपटॉप उघडला आणि सवयीनं कामाला लागला. वाक्य ठेवलं, मधलं उडवलं. वाक्य ठेवलं, मधलं उडवलं. खोकला गेला. हसू गेलं. आल्हाददायकचं भांडण गेलं. शेवटच्या रांगेत एक लांबच लांब हिरवा पट्टा दिसला, त्यानं सुरुवातीचे दोन क्षण ऐकले, भंगारवाल्याचा कर्णा होता, सगळा पट्टा निवडून उडवला.

मग घोगरेपणा त्याला पटेना. अशा आवाजात का ती जन्मभर बोलणार? त्यानं खरखर काढली, आवाज गोल केला, आणि मंगलाष्टकांना देतो तसा किंचित घुमारा दिला. सूचनांचा कागद शेजारीच पडला होता. पण पत्रावळी उचलल्याशिवाय पाव्हणा बोलवायचा नसतो. प्रेमाच्या भरात माणूस किती नासधूस करतो याला मोजमाप नाही.

शेवटी वाक्यावाक्याची वेगळी फाइल काढायची वेळ आली आणि तिथं गाडी अडली. त्याचं सॉफ्टवेअर फुकटातलं, घरगुती वापराचं. लग्नाला पुरायचं. पण नुसता आवाज बाहेर काढायचा म्हटलं तर त्याच्या यादीत दाबलेल्या आवाजाचेच दोन प्रकार, एमपी थ्री आणि एएसी. वेव्हचं नावच नव्हतं. त्यानं सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या, यूट्यूबवर कोणा पोराचं ऐकलं. तो सांगत होता, ते मोठ्या आवृत्तीत मिळतं. मोठी आवृत्ती त्याच्या जुन्या लॅपटॉपवर चढेना. शेवटी त्यानं सगळ्यात वरच्या दर्जाचं एमपी थ्री काढलं, कानाला लावलं, काही फरक कळेना. मग एका साइटवर टाकून त्याचं वेव्ह करून घेतलं. फाइल फुगून कितीतरी मोठी झाली. ओमप्रकाश खूश झाला, मोठी झाली म्हणजे चांगली झाली.

तीनशे फाइली संस्थेकडे गेल्या. पोचल्याचा निरोप आला. निरोप आला म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या हाती पडला. लॅपटॉपची डिस्क चार लग्नांनी तुडुंब भरली होती, त्यानं शालूचं मूळ फोल्डर उडवलं. आणि हिवरखेडला हळदीच्या सकाळी, मांडवाच्या खांबाला टेकून, त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं केलं.

ऑपरेशन नीट झालं. आठ तास लागले. शुद्धीवर आल्यावर शालूनं ओठ हलवले आणि काहीच बाहेर आलं नाही. तिला ते आधी सांगितलेलं होतं, दहादा समजावलेलं होतं, तरी तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते पाहून ओमप्रकाश बाहेर जाऊन जिन्यावर बसला. करिश्मानं आईला बटण दाबलं की पुसली जाणारी पाटी आणून दिली. त्यावर शालूनं पहिलं लिहिलं ते ‘तू जेवली का’.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी प्राजक्ताचा फोन आला.

‘‘भाऊ, त्या फाइली त्यांनी परत केल्या,’’ ती म्हणाली. ‘‘वरून वेव्ह आहेत, पण आतून नाहीत. आवाज आधीच दाबला गेलाय. त्यातले बारीक कण निघून गेले, शिवाय त्यावर घुमारा आहे. त्यातून आवाज घडत नाही.’’

‘‘पन फाइल तं केवढी मोठी झाली होती, मॅडम.’’

‘‘भाऊ, उसाचं चिपाड पाण्यात टाकलं तर फुगतं. पण रस परत येतो का?’’ मग तिनं घाईनं विचारलं, ‘‘मूळ आहे ना तुमच्याकडे? तेच द्या, काही बिघडलं नाही.’’

‘‘हो,’’ ओमप्रकाश म्हणाला. ‘‘पाह्यतो.’’

त्यानं काय काय पाहिलं ते सांगून उपयोग नाही. उडालेल्या फाइली परत आणणारी सॉफ्टवेअरं चालवली. अकोल्याला एका दुकानात लॅपटॉप आणि कार्ड दोन्ही चार दिवस ठेवलं. दुकानदारानं चौथ्या दिवशी पडद्यावर जे सापडलं ते दाखवलं. हिवरखेडची वरमाला होती, बँड होता, मामेसासरे नाचत होते. खाली काहीच उरलं नव्हतं, शालूच्या आवाजावर अख्खं लग्न बसलं होतं. आणि हे सगळं काम ज्या मोबाइलवर तीन दिवसांत फुकट झालं असतं, तो मोबाइल त्याच्या खिशातच होता.

घरी उरल्या त्या तीनशे चकचकीत फाइली. करिश्मानं एक लावून पाहिली. गोल, घुमणारा आवाज म्हणाला, आज हवामान आल्हाददायक आहे.

‘‘बाबा, हे आई नाई वाटत,’’ ती म्हणाली. ‘‘बातम्या सांगणारी बाई वाटते.’’

संस्थेनं नकार दिला एवढंच त्यानं शालूला सांगितलं. का दिला ते सांगितलं नाही. शालूनं पाटीवर लिहिलं, ‘माह्याच आवाज खराब होता न’. ओमप्रकाशनं मान खाली घातली, आणि ती समजायचं ते समजली. गळ्याला लावायचं एक यंत्र दवाखान्यानं दिलं होतं, त्यातून भुंग्यासारखं एकसुरी बोलणं निघे. एकदा शेजारचं लेकरू ते ऐकून रडलं, त्या दिवसापासून तिनं ते कपाटात ठेवून दिलं. मोबाइल बोलायचा, पण कोणा शहरातल्या बाईच्या आवाजात. शालूनं ‘मले’ लिहिलं की ती बाई अडखळायची.

मग एका दुपारी ती पाटी घेऊन त्याच्यासमोर बसली. लिहिलं, ‘थे आयकलं का’.

‘‘कोनतं?’’

बटण दाबलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. हळू लिहायची ती, अक्षर अक्षर लावत. ‘शेवटच्या दिवशी. तुमी भंगारवाल्याकडे गेले तवा. मी तुमच्याशी बोलली.’

ओमप्रकाशला आधी कळलंच नाही. मग तो लांब हिरवा पट्टा त्याच्या डोळ्यांसमोर आला. तोंडावर बोलायला जमलं नसतं ते ती त्या टोपण लावलेल्या कॅमेऱ्याशी बोलली होती. काम करताना हा ऐकेलच, अशा भरवशावर. भरवसा चुकीचाही नव्हता. दुसरा कोणीही असता तर त्यानं ऐकलं असतं.

‘‘आयकलं,’’ तो म्हणाला.

तिनं पाटी पुसली. दोनच अक्षरं लिहिली. ‘मंग’.

म्हणजे तिनं काहीतरी विचारलं होतं. उत्तर मागत होती, आणि दीड महिना वाट पाहून मागत होती. इथं खरं बोलायला पाहिजे होतं, यात दुमत नाही. पण समोर तिच्या गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं, आणि डोळ्यांत अशी आशा की त्याला तिच्यापुढं स्वतःचं नाव सांगणंही जड झालं असतं. तिच्या स्वतःच्या आवाजातलं शेवटचं बोलणं आपण न ऐकता उडवलं, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच बसलं.

‘‘हो म्हनतो मी,’’ तो म्हणाला. ‘‘तू म्हनशीन तसं.’’

शालूनं त्याचा हात घेतला आणि आपल्या डोळ्यांना लावला. तिचा चेहरा हलका झाला. आजारपणात इतका हलका झालेला त्यानं पाहिला नव्हता.

त्यानंतर ती खरंच सावरली. बाजारात बसू लागली, भाव लिहिलेली पाटी पुढं ठेवून. लोक तिच्याशी ओरडून बोलायचे, जसा काही आवाज गेला म्हणजे कानही गेले. ती हसून मेथी तोलायची. ओमप्रकाशला मात्र त्या ‘हो’नं कुरतडायला घेतलं. आपण कशाला हो म्हटलं? पोरीच्या शिक्षणाचं असेल? माहेरच्यांचं असेल? त्यानं आडून आडून विचारून पाहिलं. ‘‘थे आपलं ठरलं होतं नं, थे कवा करू?’’ शालू त्याच्याकडे बघायची आणि हातानं सांगायची, वेळ आली की. त्यानं लग्नाचं काम कमी केलं. मांडवात कोणी म्हातारी नवरीला जवळ घेऊन काही पुटपुटली की तो कॅमेरा धरून नुसता उभा राहायचा, आणि घरी येऊन गाणं चढवायला त्याचा हात धजायचा नाही. गिऱ्हाइकं नाराज झाली. व्हिडिओत नुसता गलकाच हाय, म्हणाली.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर तिच्या मानेला गाठ लागली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून पाहिले. परत आलं होतं. पुन्हा एक ऑपरेशन, मग किरणांचा शेक. यश येईल का, तर सांगता येत नाही, पण प्रयत्न करू. सोमवारी सकाळी अकरा वाजता भरती व्हा. ओमप्रकाश मान डोलवत होता. शालू मान हलवत होती, आडवी. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, घरी बोलून घ्या.

घरी आल्यावर ओमप्रकाशनं पिशवी भरायला घेतली. ‘‘काहून नाई म्हनतं?’’ त्यानं विचारलं. ‘‘पोरगी अकरावीले हाय. काहून, सांग नं मले.’’

तिनं पाटी घेतली.

‘तुमी हो म्हटलं होतं.’ पुसलं. ‘परत आलं तं परत दवाखाना नाई. मी घरी राहीन.’

पिशवी त्याच्या हातातच राहिली. वर्षभर ज्याचा शोध घेतला ते असं समोर आलं. तो खाली बसला. आता गप्प राहिला तर त्याच्या एका खोट्या शब्दावर ती मरणार होती, आणि बोलला तर वर्षभर जो शब्द उशाशी घेऊन ती शांत झोपली तो तिच्याकडून हिसकावला जाणार होता. दोन्हीकडून तीच नागवली जाणार होती, आणि दोन्हीकडे करणारा हाच.

‘‘शालू, म्या आयकलं नव्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘भंगारवाल्याचा आवाज म्हनून सगळं उडवलं. कार्ड बी पुसलं. तुह्या आवाज खराब नव्हता. म्या खराब केला. त्याईनं जसाच्या तसा मांगतला होता, म्या सजवून देल्ला.’’ तो रडत होता, आणि रडताना सगळं सांगत होता, एमपी थ्री, घुमारा, हिवरखेडचा मांडव, अकोल्याचं दुकान. ‘‘तुह्यं एक अक्षर आयकलं नाई म्या. उगाच हो म्हटलं.’’

शालूनं पाटीवर लिहिलं, ‘येवढं बी नाई आयकलं?’

‘‘नाई.’’

‘मले वाटलं तुमाले मालूम हाय.’

हे तिनं लिहिलं आणि पुसलं नाही. पाटी तशीच बाजेवर ठेवून ती आत गेली. दोन दिवस तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि उठून जायची. करिश्मा एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघायची आणि कोणालाच काही विचारायची नाही.

सोमवारी सकाळी ओमप्रकाशनं आंघोळ केली, दवाखान्याची फाइल काढली, आणि अंगणात आला. शालू सावलीला बसून मेथी निवडत होती. तिनं कपडे बदलले नव्हते. त्यानं फाइलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि फाइल ओट्यावर ठेवून तिच्यासमोर मांडी घातली.

‘‘आता सांग,’’ तो म्हणाला. ‘‘सगळं. मी इथंच बसतो.’’

तिनं पाटीकडे हात नेला आणि मागे घेतला. दहा मिनिटांचं बोलणं होतं ते, आणि तिला एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागायची. तिनं त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज नव्हता. गळ्याच्या भोकातून नुसता वारा यायचा जायचा. ओमप्रकाश डोळे फाडून तिच्या ओठांकडे बघत राहिला. ‘करिश्मा’ कळलं. ‘बारावी’ कळलं. मधे ती कशावर तरी हसली, ते कशावर ते कळलं नाही. एका ठिकाणी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही कशासाठी ते कळलं नाही. ‘दवाखाना’ असं बहुतेक दोनदा होतं. बाकी सगळं त्याच्यासमोरून निघून गेलं, आणि ते थांबवून मागे नेता येत नव्हतं.

ती थांबली. अकरा वाजून गेले होते. खिशातला मोबाइल वाजला, अकोल्याचा नंबर असणार, त्यानं तो पाहिला नाही.

‘‘मले समजलं नाई,’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा सांग.’’

शालूनं मेथीची जुडी खाली ठेवली, थोडी पुढं सरकली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.